सरकारी वकील कायदेमंडळांत जातो तेव्हां

जळगांवच्या कोर्टांत वकिली करून पुढें १९९३ च्या मुंबईंतील बाँबस्फोटांच्या व २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या खटल्यांत सरकारपक्षाची बाजू मांडणारे श्री. उज्ज्वल निकम ह्यांस २०२४ सालीं भारतीय जनता पक्षानें मुंबईच्या उत्तर-मध्य मतदारसंघांतून लोकसभेसाठीं उभें केलें. त्या निवडणुकींत त्यांस यश आलें नाहीं. पुढें जुलै २०२५ मध्यें राष्ट्रपतींनीं त्यांची राज्यसभेवर नियुक्ति केली. ह्या नियुक्तीनें कोणास आनंद झाला, कोणास खेद झाला. आणि आपल्या लोकांची रीतच अशी कीं, आनंद काय किंवा खेद काय, दोन्ही व्यक्तीच्या नांवापाशींच थांबतात, तत्त्वापर्यंत पोंचत नाहींत. आम्हांस ह्या व्यक्तीविषयीं येथें कांहींच म्हणावयाचें नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या मनुष्यानें आयुष्याचा मोठा भाग आरोपीच्या पिंजऱ्याकडे बोट दाखविण्यांत घालविला, तो साऱ्या राष्ट्राचे कायदे करणाऱ्या सभेंत जाऊन बसतो, तेव्हां तो आपल्याबरोबर काय घेऊन जातो?

चालू खातें तपासण्यापेक्षां बंद झालेलें खातें तपासणें सोपें, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. म्हणून आम्ही आज अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक पुरें झालेलें चरित्र वाचकांपुढें ठेवतों. फिलाडेल्फिया शहराचे सरकारी वकील व पुढें ३० वर्षें अमेरिकन सीनेटचे सभासद असलेले आर्लेन स्पेक्टर हे १४ ऑक्टोबर २०१२ रोजीं वारले. त्यांच्या वहींत जमाही मोठी आहे आणि नांवेंही मोठें आहे. म्हणूनच ती वही चाळण्यासारखी आहे.

स्पेक्टर ह्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९३० रोजीं कॅन्सस संस्थानांतील विचिटा गांवीं झाला. बाप रशियन साम्राज्यांतून आलेला गरीब यहुदी. आधीं फेरीवाल्याचा व पुढें भंगाराचा धंदा करून त्यानें संसार चालविला. पहिल्या महायुद्धांत तो अमेरिकन सैन्यांतून लढला व जखमी झाला. पण त्या सैनिकांस कबूल केलेला बोनस सरकारनें वर्षानुवर्षें लांबणीवर टाकला. बापाचा तो बोनस वसूल करण्यासाठींच आपण वॉशिंग्टनची वाट धरली, असें स्पेक्टर पुढें अनेकदां सांगत. १९५१ सालीं पेन्सिल्व्हेनिया विश्वविद्यालयाची पदवी व १९५६ सालीं येल विश्वविद्यालयाची कायद्याची पदवी घेऊन ते १९५९ सालीं फिलाडेल्फियाच्या सरकारी वकिलाच्या कचेरींत साहाय्यक म्हणून रुजू झाले. तेथें त्यांनीं मालमोटारी चालविणाऱ्या कामगारांच्या टीमस्टर्स संघाच्या शाखेंतील पुढाऱ्यांवर संघाच्याच पैशाच्या अपहाराबद्दल खटला चालवून त्यांस शिक्षा होईपर्यंत तो नेला. ज्या कामगारांच्या नांवावर हे पुढारी जगत होते, त्यांच्याच घामाचा पैसा ते खात होते. तो खटला चालविण्यास धैर्य लागत होतें, आणि तें ह्या तरुण वकिलांत होतें.

येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घेतली पाहिजे. अमेरिकेंतील बहुतेक संस्थानांत सरकारी वकिलाची जागा सरकार भरीत नाहीं. ती लोकांच्या मतांनीं भरली जाते. डिस्ट्रिक्ट ॲटर्नी हा पक्षाच्या तिकिटावर उभा राहतो, सभा भरवितो, वर्गणी जमवितो व निवडून येतो. ह्या पद्धतीचा गुण असा कीं, तो कोणा मंत्र्याचा मिंधा नसतो. दोष असा कीं, तो मतदाराचा मिंधा होऊं शकतो. आणि मतदार भेदरलेला असला म्हणजे त्यास न्यायापेक्षां शिक्षा अधिक प्रिय असते. शिवाय, जी जागा निवडणुकीनें मिळते ती पुढच्या निवडणुकीची पायरी होते. त्या देशांत कितीतरी सीनेटर ह्याच पायरीवरून चढले आहेत. २०१७ सालीं सीनेटमध्यें गेलेल्या व २०२१ सालीं उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या कमला हॅरिस ह्याही सॅन फ्रान्सिस्कोच्या डिस्ट्रिक्ट ॲटर्नी होत्या.

स्पेक्टर ह्यांचें नांव राष्ट्रभर झालें तें १९६४ सालीं. २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं डॅलस शहरांत राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांचा खून झाला, तेव्हां चौकशीसाठीं सरन्यायाधीश अर्ल वॉरन ह्यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग नेमण्यांत आला व स्पेक्टर ह्यांस त्याचे साहाय्यक वकील म्हणून घेण्यांत आलें. केनेडी ह्यांच्या मानेंतून गेलेल्या गोळीनेंच पुढें बसलेले टेक्ससचे गव्हर्नर कॉनली हेही जखमी झाले, हा सिद्धान्त मुख्यतः त्यांनीं मांडला. त्यावर देशभर टीकेचा पाऊस पडला, उपहास झाला. पण स्पेक्टर मरेपर्यंत त्यावरून हटले नाहींत. १९७९ सालीं प्रतिनिधिगृहाच्या समितीनें खुनामागें कट असण्याचा संभव मानला, तरी ह्या एका गोळीची गोष्ट तिनेंही ग्राह्यच धरली. पुराव्यावरून जें निघतें तें लोकांस रुचो वा न रुचो, तें सांगावयाचें, ही वकिलाची बाणेदार वृत्ति येथें दिसते.

परंतु ह्या वृत्तीस महत्त्वाकांक्षेची जोड मिळाली म्हणजे काय होतें तेंही पाहा. १९६५ सालीं स्पेक्टर हे डेमोक्रॅटिक पक्षाच्या पटावर होते. तरी त्यांनीं रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटावर आपल्याच जुन्या वरिष्ठाविरुद्ध डिस्ट्रिक्ट ॲटर्नीची निवडणूक लढविली, ती जिंकली आणि मग पक्ष बदलला. १९६७ सालीं त्यांनीं महापौरपदासाठीं प्रयत्न केला. तो थोडक्यांत फसला. १९७३ सालीं सरकारी वकिलाची जागाही गेली. १९७६ सालीं सीनेटसाठीं व १९७८ सालीं गव्हर्नरपदासाठीं पक्षाची उमेदवारी मिळविण्याचे प्रयत्न निष्फळ झाले. शेवटीं १९८० सालीं ते सीनेटमध्यें निवडून आले. इतके पराभव पचवून पुन्हां उभें राहणें हें सामान्य मनुष्याचें काम नव्हे, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों.

मधल्या काळांत, खाजगी वकिली करीत असतांना, १९७९ सालीं त्यांनीं एका खुनाच्या आरोपीतर्फे उभें राहून ४०,००० डॉलरच्या जामिनावर त्यास सोडविलें. तो आरोपी खटला उभा राहण्यापूर्वींच १९८१ सालीं देश सोडून पळाला. ह्याबद्दल लोकांनीं स्पेक्टर ह्यांस बोल लाविला. आम्हांस तो बोल न्याय्य वाटत नाहीं. आरोपीसाठीं जामीन मागणें हें वकिलाचें कर्तव्यच आहे. द्यावा कीं न द्यावा हें न्यायाधीशानें पाहावयाचें. आरोपीचा वकील म्हणजे गुन्ह्याचा भागीदार, अशी जी समजूत आपल्याकडेही पसरत आहे, ती मुळांतच घातक आहे.

सीनेटमध्यें त्यांच्या नांवावरचा पहिला मोठा कायदा १९८४ सालचा. चोरी-दरोड्याच्या तीन शिक्षा आधीं झालेला मनुष्य बंदूक बाळगतांना सांपडला, तर त्यास किमान १५ वर्षें तुरुंग, असें त्या कायद्यानें ठरविलें. नगराच्या सरकारी वकिलास जो अनुभव येतो, कीं तेच ते गुन्हेगार पुन्हां पुन्हां कोर्टांत उभे राहतात, त्या अनुभवांतून हा कायदा जन्मला. १९८६ सालीं त्याची व्याप्ति वाढविण्यांत आली व इजेचा गंभीर धोका ज्यांत संभवतो असे इतर गुन्हेही त्यांत घातले गेले. पण तो धोका कोणता व गंभीर म्हणजे किती, हें कोणासच नीट सांगतां येईना. अखेर २०१५ सालीं जॉन्सन खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें तेवढा भाग संदिग्ध म्हणून रद्द केला. तोंपर्यंत त्या मोघम शब्दांखालीं किती माणसें वर्षानुवर्षें कोंडली गेलीं असतील, ह्याचा विचार कायदा करणाऱ्यानें आधींच करावयास नको काय? फिर्यादी पक्षाचा वकील मोघम कलमास भीत नाहीं, कारण तें त्याच्या हातांतलें शस्त्र असतें. कायदेकर्त्यानें मात्र त्यास भ्यालें पाहिजे.

आतां जमेची बाजू. १९८७ सालीं राष्ट्राध्यक्ष रेगन ह्यांनीं रॉबर्ट बोर्क ह्यांचें नांव सर्वोच्च न्यायालयासाठीं सुचविलें. स्पेक्टर हे रेगन ह्यांच्याच पक्षाचे. तरी न्यायसमितीसमोर त्यांनीं बोर्क ह्यांची घटनेच्या अर्थाविषयीं दीर्घ उलटतपासणी केली, आणि समाधान न झाल्यामुळें विरुद्ध मत दिलें. ५८ विरुद्ध ४२ मतांनीं ती नेमणूक फेटाळली गेली. विरोध करणाऱ्यांत रिपब्लिकन सभासद सहाच होते, त्यांतले स्पेक्टर एक. पक्षाची शिस्त व विवेकाचा आवाज ह्यांत झगडा लागला असतां विवेकाचें ऐकणारे सभासद कोणत्याही देशांत विरळाच.

परंतु चारच वर्षांनीं ह्याच उलटतपासणीनें त्यांच्या कीर्तीस डाग लाविला. १९९१ सालीं क्लॅरेन्स टॉमस ह्यांच्या नेमणुकीच्या वेळीं ॲनिटा हिल ह्या कायद्याच्या अध्यापिकेनें, आपण टॉमस ह्यांच्या हाताखालीं नोकरींत असतांना त्यांनीं आपल्याशीं असभ्य भाषण केलें, अशी साक्ष दिली. न्यायसमितींत १४ सभासद, चौदाही पुरुष. स्पेक्टर ह्यांनीं तिची तपासणी अशी केली कीं, जणूं तीच आरोपी आहे. आणि तिनें शपथेवर खोटें सांगितलें असा उघड आरोप केला. टॉमस ह्यांची नेमणूक ५२ विरुद्ध ४८ मतांनीं मंजूर झाली. पण देशभरच्या स्त्रियांनीं हें दृश्य दूरचित्रवाणीवर पाहिलें होतें. पुढच्याच वर्षीं चार नव्या स्त्रिया सीनेटवर निवडून आल्या, आणि स्पेक्टर ह्यांस लिन येकेल ह्या बाईंच्या विरुद्ध अगदीं थोडक्यांत जागा राखतां आली. कोर्टांत उलटतपासणीस मर्यादा असते: समोर विरुद्ध पक्षाचा वकील असतो, वर न्यायाधीश असतो, पुराव्याचा कायदा असतो. समितीच्या खोलींत ह्यांतलें कांहींच नव्हतें. लगाम काढलेला घोडा तोच असला तरी त्याची चाल तीच राहत नाहीं. तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीस प्रथम तिचीच चौकशी सोसावी लागते, हा अनुभव आपल्याही कचेऱ्यांत व पोलीस ठाण्यांत नवीन नाहीं. म्हणून ह्या प्रसंगाचा धडा आम्ही परका मानीत नाहीं.

१९९९ सालीं राष्ट्राध्यक्ष क्लिंटन ह्यांच्यावरील महाभियोगाच्या वेळीं स्पेक्टर ह्यांनीं स्कॉटलंडच्या कायद्यांतील तिसऱ्या निकालाचा आधार घेतला: दोषी नव्हे, निर्दोषीही नव्हे, आरोप शाबीत नाहीं. लोक हंसले. पण पुरावा अपुरा असतां स्वपक्षाच्या आग्रहाखातर दोषी म्हणावयाचें नाहीं, हा सरकारी वकिलाच्या शिक्षणाचा उत्तम भाग त्यांत होता.

सर्वांत मोठी कसोटी मात्र २००६ सालीं लागली. तेव्हां ते न्यायसमितीचे अध्यक्ष होते. कर्करोगाशीं झगडत त्यांनीं आदल्या वर्षीं समितीचें काम चालविलें होतें. लष्करी न्यायमंडळांच्या कायद्यांत परकीय बंद्यांचा हेबियस कॉर्पसचा हक्क काढून घेण्याचें कलम होतें. आपणांस कां डांबलें हें कोर्टापुढें विचारण्याचा हा हक्क आंग्ल कायद्याचा शेंकडों वर्षांचा ठेवा. स्पेक्टर ह्यांनीं तो राखण्यासाठीं दुरुस्ति मांडली, तिच्या समर्थनार्थ जोराचें भाषण केलें. दुरुस्ति ५१ विरुद्ध ४८ मतांनीं पडली. आणि नंतर त्यांनीं मूळ विधेयकास अनुकूल मत दिलें! कोर्ट पुढें काय तें निस्तरील, असा त्यांचा भरंवसा होता. २००८ सालीं बूमेदिएन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तें कलम खरोखरच घटनाबाह्य ठरविलें. पण जें कलम आपण स्वतः घटनाबाह्य मानतों त्यास मत द्यावयाचें व निस्तरण्याचें ओझें न्यायालयाच्या खांद्यावर टाकावयाचें, ही वकिली झाली. कायदेकर्त्याचा धर्म नव्हे. मधल्या दोन वर्षांत कोठडींत बसलेल्या मनुष्यास हा भरंवसा काय कामाचा?

१९१९ च्या रौलट कायद्याविरुद्ध उठलेल्या ह्या देशास हें निराळें सांगण्याची गरज नसावी. तरीही १९७६ सालीं, आणीबाणींत, आपल्याच सर्वोच्च न्यायालयानें जबलपूर खटल्यांत बंद्यांस तें दार बंद केलें. पांचांपैकीं एकट्या न्या. खन्ना ह्यांनीं भिन्न मत दिलें, आणि तो निकाल चुकीचा होता हें न्यायालयानें स्पष्ट म्हणावयास २०१७ साल उजाडलें. कायदेमंडळानें आपलें काम न्यायालयावर ढकललें, आणि न्यायालयही त्या दिवशीं खचलें, तर नागरिकानें जावें कोठें?

स्पेक्टर ह्यांच्या चरित्राचा शेवट बोधप्रद आहे. २००९ च्या फेब्रुवारींत मंदीवरील उपायाच्या मोठ्या खर्चाच्या विधेयकास सीनेटमधील ज्या तीन रिपब्लिकन सभासदांनीं मत दिलें, त्यांत ते होते. आरोग्यसंशोधनासाठीं त्यांत १० अब्ज डॉलरची तरतूद त्यांनीं करून घेतली होती. स्वपक्ष खवळला. २८ एप्रिल २००९ रोजीं, पक्षांतर्गत निवडणुकींत आपला टिकाव लागणार नाहीं हें पाहून, ते पुन्हां डेमोक्रॅटिक पक्षांत गेले. पुढें निवडून येण्यासाठीं हा बदल उपयोगी पडेल, हें त्यांनीं लपविलें नाहीं. आणि मे २०१० मध्यें प्रतिस्पर्धी जो सेस्टॅक ह्यांनीं त्यांचेच ते शब्द मतदारांस ऐकवून त्यांचा पराभव केला. मताच्या स्वातंत्र्यासाठीं पक्षाचा रोष पत्करणाऱ्या मनुष्याचा लोकांनीं आदर केला असता. पण जागा राखण्यासाठीं पक्ष बदलणारा मनुष्य त्यांस ओळखूं आला. १९६५ सालीं पेरलेलें ४५ वर्षांनीं उगवलें.

तर मग बेरीज काय निघते? सरकारी वकील कायदेमंडळांत तीन गोष्टी नेतो. पहिली, पुराव्याची शिस्त. तिचा लाभ राष्ट्रास होतो. दुसरी, विरुद्ध बाजूस पाडण्याची संवय. ती आवरली नाहीं तर निरपराधांस लागते. तिसरी, शिक्षेवरील विश्वास. तो मर्यादेंत असेल तर समाजास आधार, मर्यादा सुटली तर समाजास भार. म्हणून सरकारी वकिलानें कायदेमंडळांत जाऊंच नये, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यास फौजदारी कोर्टाची माहितीच नाहीं अशा सभासदांनीं फौजदारी कायदे करावे, हें त्याहून वाईट. आमचें म्हणणें इतकेंच कीं, त्या दोन जागांच्या मध्यें एक उंबरठा असावा आणि तो ओलांडतांना चपला बाहेर काढाव्या.

आपल्याकडे सरकारी वकील निवडून येत नाहीं, नेमला जातो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत तसें होतें, व तिच्या जागीं १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतही तसेंच आहे. नेमणारें सरकार पक्षाचें. म्हणून ज्यास नेमलें त्याचा कल कोणीकडे, ही शंका येथेंही सुटत नाहीं. कायद्याची दृष्टि मात्र स्वच्छ आहे. सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नव्हे. शिक्षा मिळविणें हें त्याचें ध्येय नव्हे. आरोपीस अनुकूल असा पुरावाही कोर्टापुढें यावा हें त्याचें काम. खटला मागें घेणें झाल्यास त्यानें स्वतःच्या बुद्धीनें ठरवावयाचें व कोर्टाची संमति घ्यावयाची. १९९५ सालीं शहाणे खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्र सरकारास बजावलें कीं, साहाय्यक सरकारी वकील पोलीस खात्याच्या ताब्यांतून काढून त्यांचा स्वतंत्र वर्ग करावा. जो वकील पोलिसांपासून निराळा असावा म्हणून न्यायालयास आज्ञा करावी लागली, तो राजकीय पक्षांपासून निराळा असावा म्हणून आपण कोणाच्या आज्ञेची वाट पाहत आहों?

ह्यासाठीं आमच्या सूचना थोड्या आहेत. ज्या वकिलाच्या हातीं सरकारपक्षाचीं कागदपत्रें आहेत, त्यानें तीं परत केल्यावांचून कोणत्याही पक्षाची उमेदवारी घेऊं नये. खटला सोडणें व निवडणुकीस उभें राहणें ह्यांत कांहीं वर्षांचें अंतर कायद्यानेंच घालून द्यावें. निवडणूक लढविलेल्या मनुष्यास पुन्हां सरकारपक्षाचें वकीलपत्र देण्यापूर्वीं तेंच अंतर पाळावें. आणि कायदेमंडळांत गेलेल्या वकिलानें कोर्टांतील आपल्या विजयांचे पोवाडे आपण होऊन थांबवावे. त्या विजयांत साक्षीदारांचें धैर्य, तपासणाऱ्यांचे कष्ट व न्यायाधीशांची बुद्धि ह्यांचाही वांटा असतो.

हें सर्व आरोपींच्या कैवारासाठीं लिहिलें, असें कोणी समजूं नये. आमचे व्यापारी बंधु रोज पाहतात कीं, ज्या दुकानांत तराजू व गल्ला एकाच्याच हातीं असतो, तेथें माल चोख असला तरी गिऱ्हाइकाचें मन साशंक राहतें. न्यायाचेंही तसेंच आहे. दोषी मनुष्यास शिक्षा झाली, पण ती पक्षाच्या लाभासाठीं झाली असा संशय उरला, तर ज्याचा मुलगा मारला गेला त्या बापासही पुरतें समाधान मिळत नाहीं. त्या बापाचें समाधान निर्भेळ असावें, एवढ्याचसाठीं सरकारी वकिलाच्या काळ्या डगल्यावर कोणत्याही पक्षाचें चिन्ह दिसतां कामा नये. आणि तें दिसूं नये ही जबाबदारी डगला घालणाऱ्याइतकीच तो देणाऱ्या सरकारचीही आहे.